चाळीस नसलेली वही

आमच्या भागात ज्यांची छाती चाळीस इंच आहे, त्यांना मी पाठीवरूनही ओळखतो. शर्ट खांद्यावरून किंचित ओघळलेला, पाठीवर एक हवेशीर फुगा, आणि हात खाली सोडले की बाही थेट तळहाताशी लगट करणारी. पोस्टात, दवाखान्यात, बिलाच्या रांगेत आम्ही एकमेकांना दिसतो आणि ओळख नसताना मान हलवतो. आम्ही सगळे एकाच मास्तरांचे.

"मास्तरांचा हात सैल आहे," असं लोक कौतुकाने म्हणायचे. बाकीचे शिंपी कापडात कंजूषपणा करतात, आपले मास्तर करत नाहीत, असा आमचा समज होता. बावीस वर्षं आम्ही या समजात ऐसपैस राहिलो.

मास्तरांचं दुकान म्हणजे दोन इमारती बांधून झाल्यावर मधे उरलेली जागा. जाड माणसाला आत शिरताना थोडं तिरकं व्हावं लागतं. मास्तरांना तिथेच अर्धं माप कळतं. आत एक उंच टेबल, त्यावर खडूच्या रेघांवर खडूच्या रेघा, दोन शिलाई मशीन, तापली की फुसफुसणारी इस्त्री, आणि एक आरसा. आरशात माणूस फक्त कमरेपासून वर दिसतो. त्यामुळे पँटबद्दल तक्रारी कमी येतात.

कामाची पद्धत ठरलेली. मास्तर टेप लावणार, आकडा मोठ्याने सांगणार, आणि मागच्या मशीनवर बसलेल्या वहिनी, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, तो वहीत लिहिणार. मास्तर स्वतः लिहीत नाहीत. सुरुवातीला लिहायचे; पण एकदा त्यांनी आपलंच अक्षर आपणच वाचून एका गृहस्थांची कंबर उंचीच्या जागी धरली. ते गृहस्थ आणि ती पँट, दोघंही पुन्हा दुकानात दिसले नाहीत. तेव्हापासून वही वहिनींकडे. चार दिवसांनी कापड बेतताना मास्तर फक्त वहीकडे बघतात. "वहीत आहे तेच माप," ते म्हणतात. "माणसाचं काय, तो जेवून येतो."

आता मास्तरांच्या बोलण्याबद्दल. ते लहानपणापासून अडखळतात. बहुतेक अक्षरांशी त्यांचं अधूनमधून वाजतं, पण 'च'शी उभं वैर. 'च'चा शब्द त्यांच्या गळ्यातून निघायचा, ओठांच्या दारात येऊन उभा राहायचा आणि तिथून हलायला तयार नसायचा. मग मास्तरांचे डोळे मिटायचे, मान एका बाजूला जायची आणि समोरचा माणूस उगाचच भिंतीवरचं घड्याळ बघायला लागायचा.

पण मास्तर हुशार. दारात कोणी उभं असेल तर खिडकीतून जायचं, हे त्यांनी लहानपणीच ठरवलं. ते चावी म्हणत नाहीत, किल्ली म्हणतात. चादर म्हणत नाहीत, "ते पांघरायचं" म्हणतात. चमच्याला त्यांच्या घरी ढवळणी म्हणतात, आणि त्यांच्या मुलीने शाळेत जाईपर्यंत चमचा हा शब्द ऐकलेलाच नव्हता. 'चालेल' म्हणता येत नाही म्हणून ते 'हरकत नाही' म्हणतात. त्यामुळे सगळीकडे त्यांची मोठ्या मनाचा माणूस अशी ख्याती झाली. सगळ्यात हाल झाले ते चहाचे. कुणाकडे गेले आणि "काय घेणार?" असं विचारलं, की मास्तर म्हणणार, "काहीतरी गरम." निम्म्या घरांतून दूध यायचं. मास्तरांना दुधाचा मनापासून तिटकारा आहे. तीस वर्षं ते लोकांकडे दूध पीत आले.

आणि ज्याच्याशी बोलायचंच नसेल त्याच्यासाठी टाचण्या. एखादा चौकस गिऱ्हाईक पायरी चढताना दिसला की मास्तर पटकन पाच-सहा टाचण्या ओठांत धरायचे. तोंडात टाचण्या असलेल्या शिंप्याकडून कोण उत्तराची अपेक्षा करतो? "हं" आणि "हंहं" एवढ्यावर त्यांनी कित्येक लग्नांचे सूट शिवले.

सल्ला देणारे होतेच. सावकाश बोला, हा सल्ला तर जो येई तो द्यायचा, आणि द्यायचा मात्र घाईघाईने. एका काकांनी तोंडात गोटी ठेवून वर्तमानपत्र वाचायला सांगितलं होतं. मास्तरांनी दुसऱ्याच दिवशी गोटी गिळली आणि ते प्रकरण तिथेच संपलं. कुणी म्हणे गाऊन बोला. मास्तर गाताना खरंच अडखळत नाहीत, पण गिऱ्हाइकाची कंबर गाऊन दाखवली तर गिऱ्हाईक ऐकून घेईल का?

असं सगळं सुरळीत, म्हणजे वाकडं पण सवयीचं चाललं होतं. मग मास्तरांची मुलगी अग्निशमन दलात लागली.

पोरगी उंच, काटक, बापावर गेलेली, फक्त बोलण्यात आईवर. आमच्या भागातल्या केंद्रातली पहिलीच मुलगी. कोठारातून तिला मिळालेल्या गणवेशात तिच्यासारख्या दोघी मावल्या असत्या. "बाबा, तुम्हीच शिवा," ती म्हणाली. मास्तरांना आकाश ठेंगणं झालं. त्यांनी तिचं माप घेतलं, वहिनींनी लिहिलं, मास्तरांनी दोन दिवस दुसरं काही हातात न घेता गणवेश शिवला. दिसायला देखणा झाला. बाही तळहातावर येत होती, पण मास्तरांच्या हातची बाही म्हटल्यावर त्यात नवल ते काय.

आठवड्याने शिडीचा सराव होता. मुलगी तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर असताना ती बाही शिडीच्या हुकात अडकली. एक पाय सुटला, ती क्षणभर एका हातावर लोंबकळली, मग सावरली आणि खाली आली. लागलं काही नाही. पण केंद्राच्या प्रमुखांनी ते पाहिलं. या प्रमुखांना सगळे बंबसाहेब म्हणतात. आवाज भोंग्यासारखा आणि रंग बंबाचा, त्यामुळे दुसरं नाव शोधायची वेळच आली नसावी.

"हा शिंपी कोण?" बंबसाहेबांनी विचारलं.

"माझे बाबा," मुलगी म्हणाली.

बंबसाहेबांचा आवाज थोडा खाली आला. म्हणाले, "त्यांना पुढच्या महिन्यात इथे बोलवा. सगळ्यांची मापं इथे मैदानात घ्यायची, मोठ्याने सांगायची, आमचा कारकून लिहील आणि मी स्वतः टेप लावून तपासीन. बरोबर आली तर सगळे गणवेश त्यांच्याकडे. एक जरी चुकलं तर तुम्ही पुन्हा कोठारातला घालायचा. आणि त्यात मी तुम्हाला शिडीवर जाऊ देणार नाही. खाली पाइप धरून उभ्या राहा."

मुलगी घरी आली ती टेप घेऊनच आरशासमोर उभी राहिली. छाती चौतीस. वहीत पाहिलं तर पस्तीस. बाही चोवीस. वहीत पंचवीस. तिने मागचं पान उलटलं, मग त्याच्या मागचं, मग मागची वही, आणि रात्रीच्या जेवणाला मास्तर घरी आले तेव्हा जमिनीवर बावीस वर्षांच्या वह्या पसरलेल्या होत्या.

"बाबा, या वह्यांत एकही चाळीस नाही."

मास्तरांनी खिशात टाचण्या शोधल्या. नव्हत्या.

"चौतीस नाही. चोवीस नाही. कॉलर एकाचीही चौदा नाही. अडतीस आहे, एकोणचाळीस आहे, एक्केचाळीसची तर जत्रा आहे. बावीस वर्षांत या गावात एकही माणूस चाळीस इंचाचा झाला नाही?"

मास्तर पाणी प्यायले. मग आणखी प्यायले.

"अगं आई, तू लिहायचीस ना? तुला कधी वाटलं नाही?"

"मला वाटलं, चाळीसची माणसं दुसऱ्या शिंप्याकडे जात असतील," वहिनी म्हणाल्या. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला आणि त्या हातातली ढवळणी, म्हणजे चमचा, खाली ठेवून मास्तरांकडे बघत राहिल्या. "अहो... म्हणजे इतकी वर्षं तुम्ही मला खोटी मापं सांगितलीत?"

"एक इंच," मास्तर खाली बघून म्हणाले. "जास्तच दिला. क... कमी कधी नाही दिला."

मला हे दुसऱ्या दिवशी कळलं. मी घरी जाऊन आधी टेप काढली. चाळीस. बावीस वर्षं मी स्वतःला एक इंचाने मोठा माणूस समजत होतो.

मुलीने बापाला धरून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे वरच्या मजल्यावर बोलण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई बसतात. वय मुलीएवढंच, समोर टेबलावर घड्याळ नाही. मास्तर म्हणतात, त्या खोलीत घड्याळ नाही हे बघूनच माझा निम्मा घसा मोकळा झाला. जाताना त्यांनी सवयीने टाचण्या ओठांत धरल्या होत्या.

"आधी त्या काढा," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी काढल्या. मग डोळे मिटले, मान एका बाजूला गेली, आणि सगळी ताकद लावून त्यांनी आपला धंदा सांगितला. बाई घाबरल्या नाहीत, मधे बोलल्या नाहीत, भिंतीकडेही बघत बसल्या नाहीत. वाक्य संपल्यावर त्यांनी विचारलं, "मास्तर, सुई कापडात कशी घालता? अशी दणकन?"

"छे. ह... हलकेच. टोक टेकवायचं. मग ती आपली जाते."

"मग शब्दाला का दणका मारता? जीभ टेकवा, दाबू नका. आधी थोडी हवा सोडा, मागून आवाज येऊ दे. पहिलं अक्षर लांबलं तर लांबू दे. आणि दोरा अडकला तर?"

"ओढत नाही. ओढला की तुटतो. ढील देतो, गाठ सोडवतो, मग पुढे."

"अडकलात की तेच करायचं. ढकलायचं नाही. तिथेच थांबून सैल व्हायचं, मग हळूच बाहेर यायचं. आणि सगळं वाक्य एका दमात शिवायचं नाही. तीन-चार शब्द, थांबा. पुन्हा तीन-चार शब्द."

मास्तर घरी येऊन म्हणाले, "या बाईंना शि... शिवणकाम येतं."

मात्र त्यांनी बाईंना मुख्य प्रश्न विचारला होता, की हे जाईल का. बाईंनी खोटं सांगितलं नाही. म्हणाल्या, "अडखळणं कदाचित पूर्ण जाणार नाही. पण त्याला लपवायला तुम्ही जी सगळी धावपळ करता ना, ती जाईल. चमच्याला चमचा म्हणाल. अडखळत म्हणाल, पण चमचाच म्हणाल."

आणि मग घरचा अभ्यास. रोज एका दुकानात जायचं आणि 'च'ची एक वस्तू मागायची. दुसरा शब्द वापरायचा नाही, बोट दाखवायचं नाही. पहिल्या दिवशी मास्तरांनी भांड्यांच्या दुकानात चाळणी मागितली. मागायला दीड मिनिट लागलं. दुकानदाराने तेवढ्यात परात, कढई आणि झारा काढून दाखवला. मास्तरांनी तिन्हींना मान हलवून नाही म्हटलं आणि शब्द पूर्ण केला. मागितली आणि मिळाली, तेव्हा घ्यावीच लागली. दुसऱ्या दिवशी दुसरं दुकान, पुन्हा चाळणी. महिनाअखेर घरात अकरा चाळण्या, सोळा चमचे, आणि चार चिमटे जमले.

"अहो, आता पिठापेक्षा चाळण्या जास्त झाल्या," वहिनी म्हणाल्या. "बाईंना म्हणावं, 'स'चा अभ्यास द्या. सोनं वगैरे."

शेवटचा धडा मास्तरांना सर्वांत अवघड गेला आणि मग सर्वांत आवडला. मुद्दाम अडखळायचं. अडखळत नसताना, स्वतः होऊन, शांतपणे. बाईंचं म्हणणं असं, की ज्या गोष्टीपासून माणूस आयुष्यभर पळतो ती एकदा स्वतःच्या हाताने करून पाहिली की तिची दहशत ओसरते. मास्तरांनी याला नाव दिलं कच्चा टाका. "पक्की शिलाई घालायच्या आधी आपण कच्चा टाका घालतोच की. तो दिसतो म्हणून कुणी ल... लाजतो का?" विमा विकायला येणाऱ्या एका गृहस्थांवर त्यांनी इतके कच्चे टाके घातले, की ते गृहस्थ पुन्हा त्या रस्त्याने गेले नाहीत. मास्तर त्या दिवशी लहान पोरासारखे हसत होते. बाईंना सांगितलं तेव्हा बाई म्हणाल्या, "हे मी शिकवलेलं नाही." पण त्याही हसल्या.

मापांचा दिवस आला. केंद्राचं मैदान, एका बाजूला लाल गाड्या, समोर माणसांची रांग. बंबसाहेब हातात स्वतःची टेप घेऊन उभे. टेबलाशी कारकून, सज्जन माणूस, पण दुसऱ्याचं वाक्य पूर्ण केल्याशिवाय चैन न पडणारा. मी आणि वहिनी फाटकाशी उभे होतो. मी का गेलो होतो? चाळीसवाल्यांच्या वतीने म्हणा.

मास्तर पुढे झाले. त्यांनी आधी सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. मग म्हणाले, "मी अ... अडखळतो. माझं ऐकायला... थोडा वेळ लागेल. मापाला... लागणार नाही." एवढं सांगून त्यांनी खांद्यावरची टेप काढली. इतकी वर्षं जे लपवायला टाचण्या चावल्या, ते त्यांनी बंबसाहेबांपुढे असं मांडून टाकलं. वहिनींनी माझा दंड धरला.

पहिले चार-पाच जण अडतीस, बेचाळीस, छत्तीस असे निघाले. मग स्वतः बंबसाहेब उभे राहिले. मास्तरांनी टेप छातीभोवती फिरवली आणि थांबले. मला लांबूनही कळलं. आपल्या माणसाची पाठ आपण ओळखतो.

"च... च..."

"एकोणचाळीस?" कारकून म्हणाला.

मास्तरांनी मान हलवली. नाही.

"एक्केचाळीस लिहू?"

मास्तर ढकलायला लागले होते. मान बाजूला निघाली होती. ती अर्ध्यात थांबली. त्यांनी खांदे खाली सोडले. हवा सोडली. आणि मग, सुईचं टोक टेकवावं तसं, "चाऽऽळीस."

बंबसाहेबांनी आपली टेप लावली. "चाळीस," ते भोंग्यात म्हणाले. फाटकाशी वहिनी म्हणाल्या, "पहिला!"

रांगेत शेवटी मुलगी. मास्तरांनी टेप लावली, आकडा वाचला, तोंड उघडलं. "चौ..." आणि केंद्राची घंटा वाजली.

पुढच्या मिनिटभरात मैदान रिकामं. मुलगी धावत गाडीवर चढली. दोनदा दुमडलेली बाही त्या धांदलीत उलगडली, दांड्यात गुंतली, तिने हिसडा मारून सोडवली आणि गाडी फाटकाबाहेर गेली. मास्तरांनी ती बाही पाहिली. त्यांच्या हातची होती.

मैदानात आता मास्तर, टेप आणि कारकून. कारकून उठून जवळ आला. हळूच म्हणाला, "मास्तर, कशाला जिवाला त्रास? अंदाजाने पस्तीस लिहितो, कोण बघतंय? पोरगी तुमचीच आहे, शिवताना करा काय ते बरोबर."

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं आणि हाताने त्याला परत टेबलाशी बसायची खूण केली. मग स्वतः पाइपांच्या एका वेटोळ्यावर जाऊन बसले.

चाळीस मिनिटं. कुणाच्या तरी स्वयंपाकघरात विसरलेलं पातेलं जळालं होतं, बाकी काही नाही. गाड्या परत आल्या. माणसं घामाघूम, मुलीच्या गालावर काजळी. ती थेट बापासमोर येऊन उभी राहिली. मास्तर उठले, त्यांनी टेप पुन्हा लावली, खरं तर गरज नव्हती. ती त्यांच्याकडे बघत होती. तिला आकडा माहीत होता. ओठही हलवला नाही तिने.

"चौ... चौऽऽतीस," मास्तर म्हणाले. "बाही... चोऽवीस."

"चोवीस," बंबसाहेबांनी टेप बघून सांगितलं. मग कारकुनाला म्हणाले, "लिहा. आणि या माणसाला चहा सांगा."

"चा... चालेल," मास्तर म्हणाले.

महिन्याभरात केंद्रातले सगळे गणवेश मास्तरांच्या दुकानातून गेले. मुलगी नव्या गणवेशात शिडीवर पार वरपर्यंत चढली तेव्हा मी पाहिलं. बाही मनगटाशी अशी बसली होती, जणू तिथेच उगवली आहे. मास्तर खाली उभे, मान वर करून. तोंडात एकही टाचणी नाही.

गणवेश झाले, पण आमच्यावर मात्र आपत्ती आली. मास्तरांनी जुन्या सगळ्या गिऱ्हाइकांची मापं नव्याने घेतली, आणि चाळीसवाल्यांचे नवे शर्ट चाळीसचे निघाले. पाठीवरचा फुगा गेला. पोट, जे आतापर्यंत खाजगी होतं, सार्वजनिक झालं. पोस्टात आम्ही एकमेकांकडे बघतो आणि श्वास आत घेतो.

शेवटी सगळ्यांच्या वतीने मी दुकानात गेलो. "मास्तर," म्हटलं, "तुमचं बोलणं सुधारलं, आनंद आहे. पण आमची अब्रू आवळली हो. माझ्यापुरतं तरी जुनं माप ठेवा. एक्केचाळीस."

मास्तरांनी टेप लावली. "चाऽऽळीस," ते वहिनींना म्हणाले. हल्ली हा आकडा ते जिभेवर घोळवून सांगतात.

"एक्केचाळीस म्हणा ना, मास्तर. एवढंच तर मागतोय."

मास्तरांनी माझ्याकडे अतिशय गरीब चेहऱ्याने पाहिलं. डोळे मिटले. मान एका बाजूला केली.

"ए... ए... ए..." त्यांनी प्रयत्न केला, आणि मग हताश होऊन हात पसरले. "नाही हो येत. ज... जमतच नाही हा शब्द. काय करू?"

मागच्या मशीनवर वहिनी वहीत तोंड लपवून खुदखुदत होत्या. त्यांनी चाळीस लिहून टाकलं होतं.